झाडं तोडू नका सांगणारं ‘ते’ आज्ञापत्र कुणी लिहिलं? रामचंद्रपंत अमात्य आणि जहाजाच्या लाकडाची गोष्ट

दरवर्षी १९ फेब्रुवारीला आणि ५ जूनला एक पोस्ट हमखास फिरते. वर शिवाजी महाराजांचा फोटो आणि खाली मजकूर. आरमारासाठी लाकूड हवं असलं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, अशी त्यात ताकीद असते. लोक ती स्टेटसला ठेवतात, शाळांच्या फलकांवर लिहितात, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात वाचून दाखवतात.

मजकूर खरा आहे, पण तो महाराजांच्या पत्रातला नाही. महाराजांचं निधन १६८० साली झालं आणि हा मजकूर ज्या ग्रंथात आहे तो लिहिला गेला १७१५ साली, म्हणजे तब्बल ३५ वर्षांनी. ग्रंथाचं नाव ‘आज्ञापत्र’ आणि तो लिहिणारे होते रामचंद्रपंत अमात्य.

मग महाराजांचा या मजकुराशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. पण तो समजून घ्यायचा तर आधी हा माणूस समजून घ्यावा लागतो. आणि जहाजाला लागणारं लाकूड म्हणजे त्या काळी काय चीज होती, तेही बघावं लागतं.

अष्टप्रधानांतला सगळ्यात तरुण मंत्री

रामचंद्रपंतांचा जन्म सुमारे १६५० चा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासणारा अधिकारी. घरात कारभार मुरलेला होता. १६७२ मध्ये निळोपंत गेले आणि जबाबदारी मुलांवर आली.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. जुन्या फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली आणि मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला. त्या पदावर उभे होते रामचंद्रपंत. वय जेमतेम चोविशीतलं. अष्टप्रधानांत सगळ्यात तरुण.

अमात्याचं काम तलवारीचं नव्हतं, हिशोबाचं होतं. कोणत्या महालातून किती वसूल आला, कोणत्या गडावर किती खर्च झाला, दारूगोळा किती, धान्य किती, हे सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. पंतांची ही हिशोबी नजर शेवटपर्यंत टिकली. पुढे त्यांनी झाडाबद्दल जे लिहिलं त्यातही ती दिसते.

याच वर्षांत त्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला. महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्याच सैन्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याआधीच दाणागवत उधळून टाकलं तर पुढे रयतेला ओरबाडाल, मग लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. सैन्याची गरज कितीही मोठी असली तरी ती रयतेच्या घरातून फुकट भागवायची नाही, हा धडा पंतांनी इथे घेतला.

१६८९ : राज्य वाचवायची जबाबदारी

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांना हाल हाल करून मारलं. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. नवे छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून थेट तामिळनाडूतल्या जिंजीला पोहोचले.

छत्रपती शेकडो कोस दूर आणि औरंगजेब स्वतः लाखोंची फौज घेऊन महाराष्ट्रात. अशा वेळी इथलं राज्य सांभाळायला राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांना मागे ठेवलं आणि ‘हुकुमतपनाह’ असा किताब दिला. दर वेळी जिंजीला विचारत बसायला वेळ नव्हता. छत्रपतींच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार पंतांकडे आला.

त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक होते. मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. या लोकांनी जवळपास दहा वर्षं मोगलांना स्वस्थ बसू दिलं नाही. गेलेले गड परत घेतले, रसद तोडली, छावण्यांवर छापे घातले.

पण याची एक किंमत होती. तिजोरी रिकामी होती आणि मोगल मराठा सरदारांना जहागिऱ्यांची लालूच दाखवत होते. आपली माणसं आपल्याकडे टिकवायची तर त्यांनाही वतनं आणि इनामं द्यावी लागली. ही पद्धत महाराजांच्या धोरणाच्या उलट होती, आणि ती राबवणाऱ्यांत खुद्द रामचंद्रपंत होते. पुढे आज्ञापत्रात त्यांनीच वतनदारांपासून सावध राहा, इनामं सढळ हाताने देऊ नका, असं बजावून सांगितलं. हा पुस्तकी उपदेश नव्हता, चटका बसलेल्या माणसाचा अनुभव होता.

झाडं गेली, हाडं उरली

१६८२ मध्ये दख्खनेत उतरलेला औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. ही २५ वर्षं इथल्या गावांनी कशी काढली असतील?

मोगली छावणी म्हणजे चालतंफिरतं शहर. हत्ती, घोडे, उंट, बैल, लाखो माणसं. रोज हजारो चुली पेटणार, म्हणजे रोज सरपण लागणार. तंबूंना खांब, तोफांना गाडे, मोर्चांना लाकूड. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, तोरणा अशा गडांना एकामागून एक वेढे पडले. वेढ्यात किल्ल्याच्या तटाला भिडायला लाकडी दमदमे उभारले जात, त्यालाही झाडंच लागत.

निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी तेव्हा हिंदुस्थानात होता. दख्खनच्या शेतांत ना पीक उरलं ना झाड, त्यांच्या जागी फक्त माणसांची आणि जनावरांची हाडं दिसतात, अशी नोंद त्याने केली आहे.

पंतांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पीक जळालं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतं. झाडाचं तसं नाही. आज आंब्याची कोय लावली तर चांगली फळं धरायला आठ-दहा वर्षं जातात. जहाजाच्या फळ्या निघतील असा जंगलातला साग तयार व्हायला साठ-ऐंशी वर्षं लागतात. म्हणजे आजोबाने राखलेलं झाड नातवाच्या कामाला येतं.

एका जहाजाला किती गोष्टी लागतात?

स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात १६५७ नंतर झाली. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी खाडीकाठी जहाजं बांधायला घेतली. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीरही कामाला होते. १६५९ मध्ये ते पळून गेले, तरी काम थांबलं नाही. १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. गुराब, गलबत, मचवा, शिबाड, तरांडी अशी नाना प्रकारची जहाजं पाण्यात उतरली.

आता लाकडाचा हिशोब बघा. जहाजाच्या तळाचा कणा एकसंध, लांब आणि जाड लाकडाचा हवा. फासळ्यांसाठी नैसर्गिकरीत्या वाकडं वाढलेलं लाकूड हवं, कारण सरळ लाकूड कापून बाक दिला तर ते मोडतं. बाजूंना लांब फळ्या. आणि डोलकाठीला गाठी नसलेलं सरळसोट खोड. जंगलात हजार झाडं असली तरी या कामाचं झाड त्यातलं एखादंच निघतं.

त्यात समुद्राची स्वतःची कीड असते. उष्ण समुद्रातले किडे लाकूड आतून पोखरतात आणि वरून काही कळतही नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही लवकर गंजत नाहीत. युरोपातल्या ओक लाकडातल्या आम्लाने खिळे खराब होतात. म्हणूनच साग हे जहाजाचं अव्वल लाकूड ठरलं. पण तो कोकणात सगळीकडे सारखा मिळत नाही. मग आंबा, फणस, उंडी, ऐन अशा लाकडांवर नजर जायची.

आणि आंबा-फणस असतात कुठे? घराच्या परसात, शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात. जंगलातला साग ओढून आणायला बैलं, माणसं, रस्ता आणि पैसा लागतो. गावातला फणस तर समोरच उभा असतो. सरकारी माणूस कुऱ्हाड घेऊन कुठे जाईल, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

लाकडासाठी दारोदार फिरलेला इजिप्त

लाकडाची ही अडचण फक्त कोकणाची नव्हती. याचं सगळ्यात जुनं उदाहरण आहे प्राचीन इजिप्त.

पिरॅमिड बांधणाऱ्या या देशाकडे सोनं होतं, धान्य होतं, दगड होता. नव्हतं ते मोठं लाकूड. नाईलच्या काठी बाभळ, उंबराच्या जातीतली झाडं, झाऊ आणि खजूर वाढायचे. बाभळीचे तुकडे आखूड आणि खजुराचं खोड भुसभुशीत. नदीतल्या होड्या त्यात भागायच्या, पण मोठं जहाज, देवळाचे उंच दरवाजे, राजाची शवपेटी यांसाठी लाकूड यायचं समुद्रापलीकडून, लेबनॉनच्या डोंगरांतून. तिथला देवदार बिब्लोस बंदरातून इजिप्तला जायचा.

सुमारे ४,६०० वर्षांपूर्वी स्नेफ्रू या राजाच्या काळात देवदाराने भरलेली ४० जहाजं आली, अशी नोंद दगडावर कोरून ठेवली आहे. राजाने लढाई जिंकली की शिलालेख कोरतात, हे आपल्याला माहीत आहे. इथे लाकूड आलं म्हणून कोरलाय! त्याच्या मुलाची, खुफूची होडी १९५४ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या शेजारी सापडली. लांबी ४३ मीटरपेक्षा जास्त आणि लाकूड मुख्यतः लेबनॉनचा देवदार.

पण विकत घेणाऱ्याची पत नेहमी सारखी राहत नाही. वेनामुन नावाच्या अधिकाऱ्याची एक कथा पपायरसवर लिहिलेली सापडली आहे. काळ सुमारे ३,१०० वर्षांपूर्वीचा. आमुन देवाच्या नावेसाठी लाकूड आणायला तो बिब्लोसला गेला. वाटेत चोरी झाली, हात रिकामे. तिथल्या राजाने त्याला सरळ परत जायला सांगितलं. देवाचं काम आहे वगैरे ऐकून घेतलं नाही. इजिप्तहून सोनं, चांदी, पपायरसचे ५०० गुंडाळे, कातडी, दोरखंड, मसूर आणि मासळी आली, तेव्हा कुठे ३०० माणसं आणि ३०० बैल लाकूडतोडीला लागले. एकेकाळी ज्याच्या नावाने बंदरं हलायची, त्या राज्याच्या माणसाला लाकडासाठी असं ताटकळावं लागलं.

या कथेत आपल्याकडचाही एक धागा आहे. रोमन काळात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात घरांच्या बांधकामात लाकूड वापरलं गेलं. उत्खननात ते सापडलं तेव्हा कळलं की त्यात सागवान मोठ्या प्रमाणात आहे. साग तिकडे उगवतच नाही, तो हिंदुस्थानातून गेलेला. जुनी जहाजं मोडून त्यांच्या फळ्या घरांना लावल्या असाव्यात, असं संशोधक मानतात. त्याच सुमाराच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचहून इराणच्या आखाताकडे सागाचं लाकूड जात असल्याचं लिहिलं आहे. आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यात तर चैत्यगृहाच्या छताच्या सागवानी कमानी दोन हजार वर्षांनंतर अजून जागेवर आहेत.

थोडक्यात, ज्याच्याकडे लाकूड त्याचा समुद्र. हा हिशोब फारोलाही चुकला नाही आणि कोल्हापूरच्या अमात्यालाही.

घर दुभंगलं, आरमारही गेलं

१७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला गादीवर बसवून लढा चालू ठेवला. पंत त्यांच्या बाजूने राहिले. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मोगलांनी शाहूंना सोडून दिलं. आता छत्रपतींच्या घराण्यातच दोन बाजू पडल्या. खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. अनेक सरदार तिकडे गेले. पंत कोल्हापूरकडेच राहिले.

१७१३-१४ मध्ये आणखी मोठा धक्का बसला. बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजी आंग्रे यांना शाहूंच्या बाजूला वळवलं. आंग्रे म्हणजे त्या काळी कोकणच्या समुद्रातली सगळ्यात मोठी ताकद. कोल्हापूरकडे सिंधुदुर्ग आणि मालवणचा किनारा राहिला, पण मराठ्यांचं मुख्य आरमार दुसऱ्या घरात गेलं.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावरही सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. नवे छत्रपती तरुण होते. शिवाजी महाराजांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या जन्माच्या किती तरी आधी रायगड हातचा गेला होता.

महाराजांच्या दरबारात उभे राहिलेले लोक आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पंत त्यातले एक. वय पासष्टीला टेकलेलं. आपण गेलो की महाराज कसे राज्य करायचे हे सांगणारं माणूसच उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं. अशा वेळी, १७१५ साली, आज्ञापत्र लिहिलं गेलं.

आज्ञापत्रात झाडांबद्दल नेमकं काय आहे?

आज्ञापत्र म्हणजे राज्यकारभाराचं मार्गदर्शन. ते छत्रपती संभाजींच्या नावाने निघालं. राजाने कसं वागावं, प्रधान कसे निवडावेत, सावकारांना का जपावं, वतनदारांशी कसं वागावं, गड कसे राखावेत, सगळं त्यात आहे. टोपीकर, म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच. हे नुसते व्यापारी नाहीत, यांच्यामागे राजे आहेत आणि यांना जमिनीची हाव आहे, तेव्हा समुद्रकाठी खाडीजवळ यांना जागा देऊ नका, हा इशारा १७१५ मध्येच देऊन ठेवला आहे. प्लासीची लढाई त्यानंतर ४२ वर्षांनी झाली.

शेवटाकडे आरमाराचा भाग येतो. आरमार हे राज्याचं वेगळं अंगच आहे, असं पंत मानतात. त्यातच लाकडाचा मजकूर आहे. तो चार पायऱ्यांत समजून घेता येतो.

पहिली पायरी : जहाजाला मोठं लाकूड लागणारच. ते राज्यातल्या रानातल्या सागासारख्या झाडांतून घ्यावं, पण हवं तसं नाही. आधी छत्रपतींना लिहून कळवायचं, परवानगी आली की मगच तोडायचं.

दुसरी पायरी : तेवढ्याने भागलं नाही तर बाकीचं लाकूड बाहेरच्या मुलखातून विकत आणायचं. म्हणजे तिजोरीला खड्डा पडला तरी चालेल.

तिसरी पायरी : आंबा, फणस ही झाडंही आरमाराच्या कामाची आहेत, हे मान्य. तरीही त्यांना हात लावायचा नाही. कारण ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. दुसऱ्याला रडवून उभं केलेलं काम, ते करणाऱ्यासकट लयाला जातं आणि पाप राजाच्या माथी येतं, असं पंत बजावतात.

चौथी पायरी : एखादं झाड अगदीच जुनं होऊन फळं धरेनासं झालं असेल तर? तरीही मालकाला विचारायचं, राजी करायचं, पैसे द्यायचे आणि तो खुशीने हो म्हणाला तरच तोडायचं. जबरदस्ती अजिबात नाही.

गडांच्या भागातही झाडं येतात. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी मोठी झाडं लावा, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडं लावा, आहेत ती राखा, असं तिथे सांगितलं आहे. कारण वेढा पडला की बाहेरून काडीही आत येत नाही. तेव्हा गडावरची झाडंच कामाला येतात.

आरमाराच्या छावणीबद्दलही असाच विचार आहे. पावसाळ्यात जहाजं किनाऱ्याला लागतात. ती दर वर्षी एकाच बंदरात लावू नका, कारण मग त्याच एका गावाला दर वर्षी खलाशांचा त्रास सोसावा लागतो.

कुठलाही नियम हवेतून येत नाही. झाडं तोडू नका असं लिहावं लागतं, कारण कुठेतरी कुणीतरी तोडत असतं. पंतांनी हुकुमतपनाह म्हणून दहा वर्षं अशा तक्रारी ऐकल्या असणार. त्यात महाराजांच्या हाताखाली शिकलेली रीत मिसळली आणि हा मजकूर तयार झाला. म्हणून व्हायरल पोस्टमधलं नाव चुकतं, पण विचाराचं मूळ चुकत नाही.

त्याच काळात इंग्लंड काय करत होतं?

इंग्रजी आरमारालाही डोलकाठ्यांसाठी सरळसोट उंच खोडं हवी होती. ती अमेरिकेतल्या त्यांच्या वसाहतींत होती. १६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सनदेत कलम घातलं गेलं. खासगी मालकीच्या नसलेल्या जमिनीवरचं २४ इंच किंवा त्याहून जाड व्यासाचं झाड राजाच्या आरमाराचं. विनापरवाना तोडलं तर दंड. अशा झाडांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण करायचे. पुढे कायदे आणखी कडक होत गेले. वसाहतीतले लोक चिडले. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये याच पाइन झाडांवरून दंगल झाली आणि त्यानंतर चारच वर्षांत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं. स्वातंत्र्ययुद्धाची कारणं बरीच होती, पण झाडांचा राग त्यात मिसळलेला होता.

पुढे हीच गोष्ट हिंदुस्थानात घडली. इंग्लंडमधला ओक कमी पडू लागला तशी कंपनीची नजर मलबारच्या सागावर गेली. १८०६ मध्ये तिथे जंगलांसाठी खास अधिकारी नेमला आणि सागावर सरकारी मक्तेदारी आणली. लोकांना आपल्याच जमिनीवरचा साग तोडता येईना. ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये ती मक्तेदारी मागे घ्यावी लागली.

मुद्दा पंत पर्यावरणवादी होते आणि इंग्रज नव्हते, असा नाही. पंतांनाही जहाजं हवीच होती, साग तोडायला त्यांची ना नव्हती. फरक वेगळाच आहे. राजाला गरज आहे म्हणून झाड राजाचं होत नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं. तेही अशा वेळी, जेव्हा कोल्हापूरला जहाजांची कधी नव्हे एवढी गरज होती.

पन्हाळ्यावरची समाधी

आज्ञापत्रानंतर पंत फार काळ जगले नाहीत. १७१६ च्या सुमारास पन्हाळ्यावर त्यांचं निधन झालं. त्यांची समाधी तिथेच आहे. पन्हाळ्याला जाणारे बहुतेक जण तीन दरवाजा, अंबरखाना, तबक उद्यान बघतात आणि झुणका-भाकर खाऊन उतरतात. समाधीकडे फार थोडे वळतात.

पाच छत्रपतींच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे पुत्र शिवाजी आणि कोल्हापूरचे संभाजी. त्यांच्या वंशजांकडे कोल्हापूर संस्थानातली बावड्याची जहागीर होती. गगनबावडा म्हणतात तो हाच भाग. म्हणून ते पंत अमात्य बावडेकर.

संताजी-धनाजींची नावं आपल्याला पाठ असतात. त्यांना दाणा, पैसा आणि हुकूम पुरवणारा हिशोबनीस मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो.

काटोलच्या बागेत ही गोष्ट जास्त कळते

सह्याद्रीपासून शेकडो किलोमीटर लांब, नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेड भागात आरमार नाही आणि समुद्रही नाही. पण आज्ञापत्रातलं हे कलम तिथल्या संत्रा बागायतदाराला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षं फक्त खर्च. पाणी, खत, फवारणी, डिंक्याशी झुंज, आंबिया आणि मृग बहाराची वाट. झाड हाताशी आलं की ते घर चालवतं. अशी उभी बाग गेली, तर नुकसान एका हंगामाचं होत नाही, दहा वर्षांचं होतं.

आजचा कायदा हे काही अंशी मानतो. महाराष्ट्रातल्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, आंबा, फणस, मोह अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवरच्या झाडांची किंमत शेती, वन किंवा फळबागेतल्या जाणकाराकडून ठरवून घ्यायची सोय आहे. रस्ता, कालवा, प्रकल्प येतो तेव्हा गावागावांत भांडण होतं ते याच किमतीवरून. सरकारी कागदावर झाड म्हणजे एक नग असतं. लावणाऱ्याच्या लेखी त्यात उमेदीची दहा वर्षं असतात.

या भांडणात पंतांची चौथी पायरी आजही लागू पडते. आधी विचारा, राजी करा, पैसे द्या, आणि मगच कुऱ्हाड उचला.

पुढच्या वेळी ती पोस्ट आली तर शेअर जरूर करा. फक्त खाली एक ओळ वाढवा : आज्ञापत्र, १७१५, रामचंद्रपंत अमात्य.